काजार काळातली पत्रं: ही इज्जतुद्दौला नक्की कोणाची बायको?

दौतटाक:
मंडळी, वर्षभर फारसी शिकतेय. आता सरावाला इराणमधल्या काजार काळातल्या (राजवट १९२५ ला संपली ती) खानदानी घरांतली पत्रं घेतलीत. छापील बरं का, मूळ शिकस्ता अक्षर बघितलं की मोडी परवडली असं होतं. तर घोळ असा की एका ठिकाणी इज्जतुद्दौला ही वजीर अमीर कबीरची बायको, दुसरीकडे तीच काजार घराण्यातल्या शहजादा फर्मानफर्माची बायको, पण अमीर कबीरला १८५२ मध्ये मारलं आणि फर्मानफर्माचा जन्मच १८५७ चा!! शिवाय सुरुवात "कुर्बानत शवम", म्हणजे तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, आणि लगेच पुढच्या ओळीत पैशांचा विषय. हे प्रेम आहे की तगादा?

जुनेकागद:
इज्जतुद्दौला हे नाव नाहीये, किताब आहे, म्हणजे दरबारी पदवी. पहिलीच पायरी ती, आणि सगळे तिथेच घसरतात.

तुमच्या दोघी वेगळ्या. पहिली नासिरुद्दीन शाहाची सख्खी बहीण. १८४९ मध्ये वजीर अमीर कबीरला दिली, तेव्हा पोर साधारण तेरा वर्षांची. वजिराची मर्जी गेली, काशानजवळ फीनच्या बागेत पाठवलं तर ही दोन लहान मुलींना घेऊन सोबत गेली, आणि विषाच्या भीतीने त्याचं जेवण आधी स्वतः चाखायची असं सांगतात. जानेवारी १८५२ मध्ये तिथल्याच हमामात त्याला मारलं, हुकूम तिच्या भावाचा. मग काही महिन्यांतच तिचं लग्न कुणाशी लावलं, तर नवऱ्याच्या जागी वजीर झालेल्या नूरीच्या मुलाशी! १८५८ मध्ये नूरी पडला, हे लग्नही मोडलं, पुढे अजून लग्नं झाली. दरबारात कुणाचं वजन वाढलं की पोरगी तिकडे, उतरलं की तलाक.

आणि त्या दोन मुली? दोघी शाहाच्याच मुलांना दिल्या, म्हणजे ज्याने बापाला मारवलं तोच सासरा. थोरली ताजुल्मुलूक, मुजफ्फरुद्दीनला दिलेली (बापानंतर तोच शाह झाला), तिची मुलगी ही तुमची दुसरी इज्जतुद्दौला, फर्मानफर्माची बायको. आजीचा किताब नातीला.

वऱ्हाडी_खलिता:
वरच्यात भर. फर्मानफर्माची बहीण हजरत-ए-उल्या हीसुद्धा त्याच मुजफ्फरुद्दीनची बायको. म्हणजे बहीण तिकडे दिली आणि त्याची मुलगी इकडे आणली, आपल्याकडचं साटंलोटंच, फक्त एक पिढी सोडून. सख्खी बहीण ती सावत्र सासू, आता मायन्यात काय लिहायचं सांगा 😄

मायन्यावरून आठवलं, "कुर्बानत शवम" चं फार मनावर घेऊ नका, आपलं "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" तसंच ते, सवयीने हात लिहून जातो. प्रेम बघायचं तर शेवटी, घाईघाईत, समासात आडवं-तिरपं कोंबलेल्या ओळींत बघा. आणि नवरा बायकोचं नाव घेत नाही, "मंजिल" म्हणतो, म्हणजे घर. माझे आजोबा शेवटपर्यंत "आमची मंडळी" म्हणायचे, त्यामुळे मला ते वाचताना जराही परकं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या उलट. तिकडे चुलत भावंडांचं लग्न म्हणजे आकाशात बांधलेली गाठ, तशी म्हणच आहे. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, काकाची म्हटलं तर घरात भूकंप.

दौतटाक:
बापरे, मी दोघींना एकच समजून वंशावळ काढत बसले होते, दोन पानं वाया. पण बायकांचं स्वतःचं काही चालायचं का? की पत्रं पण मुन्शीच लिहायचा?

जुनेकागद:
मुन्शीकडून लिहून घ्यायचे बरेच जण, पण सरसकट नाही. फतह अली शाहाची मुलगी जियाउस्सल्तना बघा, अक्षर इतकं सुंदर की बापाची खाजगी पत्रं ती लिहायची. बाप १८३४ मध्ये वारला तोवर तिने लग्नच केलं नाही, नंतर तिचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, शाह झाला त्याने परराष्ट्रमंत्र्याशी लावून दिलं. (आणि हो, पुढे इराणचा पंतप्रधान झालेल्या मुसद्दिकच्या बायकोचा किताबही जियाउस्सल्तनाच. परत तोच घोळ!)

आणि तगाद्याचं म्हणाल तर मुसद्दिकची आई नजमुस्सल्तना ही फर्मानफर्माची अजून एक बहीण. तीन लग्नं, दोनदा विधवा झाल्यावरही जमीनजुमला स्वतः सांभाळला, भावाला पत्रं लिहायची, आणि पुढे तेहरानमध्ये स्वतःच्या पैशाने दवाखाना उभा केला, नजमीया, अजून आहे. अशा बाईने वसुलीबद्दल विचारलं तर तो तगादा नव्हे, कारभार आहे. शिवाय मेहेर नवऱ्याने बायकोला द्यायचा, आकडा करारात लिहिलेला, तलाक झाला की त्याचीच ओढाताण. हुंड्याच्या हिशोबाने वाचू नका, सगळं उलटं लागेल.

दौतटाक:
ओके, आता पैशाच्या ओळी परत वाचते. पण पत्रावर नुसता दिवस-महिना असेल, सालच नाही, तर कुठली इज्जतुद्दौला हे कसं ओळखायचं?

वऱ्हाडी_खलिता:
पेशवे दफ्तरातल्या "छ ११ सवाल" (म्हणजे चंद्र ११, शव्वाल महिना, सालाचा पत्ता नाही) सारखंच दुखणं. साल शोधू नका, नातं शोधा. "भाऊ" म्हणून नासिरुद्दीन शाहाला लिहिलंय तर पहिली (नुसतं "शाह" पुरत नाही, दुसरीचा भाऊही पुढे शाह झाला). मुजफ्फरुद्दीन शाहाला बाबा म्हणतेय तर दुसरी. आणि पत्रात किताब एकही नाही, सगळ्यांना आडनावं, तर १९२५ नंतरचं धरा, कारण त्या साली कायद्याने किताबच बंद केले.