'फोटो जाईना ओ!' : फोटो अपलोड-एक्स्पोर्टच्या अडचणी आणि तुमचे अनुभव

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं दुकान आहे. फोटो प्रिंट, अल्बम डिझाइन, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच काउंटरवर. तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "फोटो जाईना ओ!"

या एका वाक्यामागे दुखणी मात्र नाना तऱ्हेची. फाइलचा प्रकार वेगळा, आकार जास्त, आकार कमी, मूळ फोटो यंत्रावरच नाही. कधी फोटो गेलेला असतो पण रंग उडून. लोक नेटला शिव्या देतात. माझ्या मते नेट त्यातल्या त्यात निर्दोष. घोळ आधीच झालेला असतो, अपलोडच्या वेळी फक्त उघडा पडतो.

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी आपापले अनुभव इथे लिहावेत. फोन किंवा कंप्युटर कुठला, गाडी कुठे अडली, स्क्रीनवर मेसेज काय आला आणि सुटलं कशानं, एवढं हवं. कंपन्यांच्या नावानं खडे फोडायला दुसऱ्या जागा आहेत.

माझ्यापासून सुरुवात. बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरायला माण-खटावची पोरं येतात. आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, शक्यतो २०० बाय २३० पिक्सेल. सही १० ते २० केबी, १४० बाय ६० पिक्सेल. वरची मर्यादा सगळ्यांना पाठ, खालची कुणी वाचत नाही. पोरगं मोबाईलवर फोटो दाबून दाबून १२ केबीवर आणतं आणि साइट तो घेत नाही म्हणून हैराण होतं. असा दाबलेला फोटो परत फुगवण्यात अर्थ नाही. मूळ फोटो घ्यायचा, २०० बाय २३० करायचा आणि जेपीजीची क्वालिटी वर-खाली करून २५-३० केबीच्या आसपास आणायचा.

दुसरी तऱ्हा स्क्रीनशॉटची. फाइल पीएनजी असते, पोरं तिचं नुसतं नाव बदलून जेपीजी करतात. नावानं आतला माल बदलत नाही. पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी निवडावं लागतं. त्यात विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे 'फोटो.जेपीजी.पीएनजी' अशी फाइलसुद्धा दिसताना जेपीजीच दिसते. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करून ठेवा. आणि हो, सही कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. तो फॉर्म फोटोमुळे नाही, सहीमुळे बाद होतो.

कऱ्हाड, लग्नाचे फोटोग्राफर

आमच्याकडे फोटो एडिटिंगला लाइटरूम क्लासिक हे सॉफ्टवेअर. मूळ रॉ फोटो स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवर, लॅपटॉपवर नुसता कॅटलॉग (एडिटिंगची नोंदवही) आणि स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे मूळ फोटोच्या लहान प्रती. लग्नसराईत रात्री घरी बसून रंग करायला ही सोय फार बरी पडते.

एका लग्नाचा अल्बम छापून आला. १२ बाय ३६ इंचाच्या शीटवर जोडप्याचा फोटो पूर्ण पसरलेला, पण नथीतले मोती एकमेकांत मिसळलेले आणि मुंडावळ्यांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा. आमचा पोरगा म्हणाला प्रिंटिंग मशीन खराब, लॅबवाले म्हणाले फाइलच तशी आली. भांडण तिथेच थांबवून फाइलची लांबी-रुंदी बघितली. लांब बाजू २५४० पिक्सेल. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० यायला पाहिजेत.

हा २५४० आकडा ध्यानात ठेवा. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू तेवढीच असते. डिस्क जोडलेली नसली तरी लाइटरूम एक्स्पोर्ट अडवत नाही, स्मार्ट प्रिव्ह्यूवरून फाइल काढून देतं. फोनवर तो फोटो झकास दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. ३६ इंचावर पसरला की इंचाला जेमतेम ७० पिक्सेल उरतात. मूळ फाइल असती तर १६०च्या वर मिळाले असते.

आता अल्बमचं एक्स्पोर्ट करण्याआधी हिस्टोग्रामच्या (उजेड-सावलीच्या आलेखाच्या) खालची ओळ बघायची, असा आमच्याकडे दंडकच आहे. तिथे नुसतं 'स्मार्ट प्रिव्ह्यू' दिसलं तर आधी डिस्क जोडायची. 'ओरिजिनल' शब्द दिसल्याशिवाय लॅबला फाइल जात नाही.

याचंच भावंड म्हणजे डिस्कचं अक्षर. विंडोजमध्ये काल 'ई' असलेली डिस्क आज 'जी' झाली की फोल्डरवर प्रश्नचिन्ह, आणि स्मार्ट प्रिव्ह्यू बनवलेला नसेल तर फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून एक्स्पोर्ट बंद. फोटो जागेवरच असतात. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' करायचं, किंवा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्यायचं. घाबरून पुन्हा इम्पोर्ट मात्र करू नका. एडिटिंग एकीकडे आणि फोटो दुसरीकडे अशी फारकत होते.

वाई

दादा, एक विचारू? बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो आमच्या फोटोग्राफरकडे कंप्युटरवर सुंदर दिसले. व्हॉट्सॲपवर आले तर शालू फिका, हळदीचा पिवळा मातकट. फोन बदलून बघितला, तेच.

कऱ्हाड, लग्नाचे फोटोग्राफर

ताई, त्यांना एक्स्पोर्टची 'कलर स्पेस' तपासायला सांगा. प्रोफोटो आरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी असेल तर त्यातल्या रंगांचा विस्तार मोठा असतो, आणि फाइलबरोबरचं प्रोफाइल जिथे वाचलं जात नाही तिथे तेच रंग मेलेले दिसतात. फोनसाठी, वेबसाठी एसआरजीबी. आमची लॅबसुद्धा एसआरजीबीच मागते.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

आम्हाला लाइटरूम-बिइटरूम कळत नाही, पण फोटोवर आमचे पैसे अडकतात म्हणून लिहितो. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली, दव पडलं की डाऊनी रोगाची धास्ती. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी असली तर डाऊनी. भुरी असली तर पानावर राखाडी-पांढरी पावडर. दोन्हीची औषधं वेगळी. सल्लागार दरवेळी बागेत येऊ शकत नाहीत, मग पान उलटं करून फोटो पाठवायचा.

व्हॉट्सॲपवर फोटो गेला की तो दाबला जातो. आमच्या सल्लागारांना नुसता पांढरट पट्टा दिसायचा आणि ते म्हणायचे, जवळून काढा. फोटो जवळूनच काढलेला असायचा! मग भाच्यानं सांगितलं, गॅलरीतून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पलीकडचा माणूस बोटांनी मोठी करून बुरशीचा धागा न् धागा बघतो. २०२३ पासून एचडीचं बटण आलंय, तेही साध्यापेक्षा बरं, पण मूळ फाइलची सर त्याला नाही.

आणखी एक. साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची नोंदही गळून पडते. गारपिटीनंतर फोटो दाखवायची वेळ आली तर फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोत काहीच सापडत नाही. कॅमेऱ्यातलं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फोटो फोनमधून उडवू नका. 'गुड मॉर्निंग'वाले उडवा, लय जागा होते.

सातारा, रानफुलांचे फोटो काढणारी

दादांच्या बरोबर उलट माझं दुखणं आहे. कास २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून फुलांचे फोटो टाकणारे वाढले. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचं ठीक आहे, पठारभर असतात. कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ वनस्पती असेल तर फोटोबरोबर नेमकी जागा जाता कामा नये. कंद उपटणारेही फोटो बघतात.

म्हणून मी लाइटरूममधून एक्स्पोर्ट करताना मेटाडेटामध्ये (फोटोच्या आतल्या नोंदींमध्ये) 'रिमूव्ह लोकेशन इन्फो'वर टिक करते. आयफोनवरून थेट पाठवायचा तर शेअर करताना वरती 'ऑप्शन्स' असतं, तिथे लोकेशन बंद होतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर नोंद करताना जिओप्रायव्हसी 'ऑब्स्क्युअर्ड' (जागा धूसर) ठेवली तर तालुक्याचा अंदाज येतो, झुडूप सापडत नाही. आणि हे पाठवायच्या आधीच करावं लागतं. एकदा कुणी उतरवून घेतलेल्या फोटोतली जागा मागाहून पुसता येत नाही.

तासगाव, द्राक्ष बागायतदार

म्हणजे ताई, आम्हाला जागा पाहिजे आणि तुम्हाला नको. बटण एकच.

मिरज, निवृत्त शिक्षिका

मुलाचा आयफोन आणि माझा विंडोजचा लॅपटॉप. नातवाच्या बारशाचे फोटो केबलने घेताना थोडे आले आणि मग इंग्रजीत मेसेज, 'अ डिव्हाइस अटॅच्ड टू द सिस्टिम इज नॉट फंक्शनिंग'. केबल बदलली, लॅपटॉपचं दुसरं छिद्र वापरलं. थोडे आणखी आले, पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्याने फोनचा पोर्ट गेलाय असं निदान केलं आणि खर्चाचा आकडा सांगितला. फोन चार्ज तर व्यवस्थित होत होता, म्हणून माझा विश्वास बसला नाही. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने फोनच्या सेटिंगमध्ये काहीतरी केलं आणि सगळे फोटो आले. तिने काय केलं ते कुणी सांगेल का? मला वहीत लिहून ठेवायचं आहे.

सातारा, धागाकर्ता

बाई, लिहून घ्या. २०१७मध्ये आयओएस ११ आल्यापासून नव्या आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात साठतात. विंडोजला देताना फोन 'ऑटोमॅटिक' सेटिंगवर असेल तर एकेक फोटो तिथल्या तिथे जेपीजी करून देतो. ते करता करता मध्येच अडखळतो आणि विंडोजला वाटतं यंत्रच बंद पडलं. सेटिंग्जमध्ये फोटोज, त्यात अगदी तळाशी 'ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी', तिथे 'कीप ओरिजिनल्स'. नव्या आयओएसमध्ये फोटोज हे 'ॲप्स'च्या आत गेलंय. त्या मुलीने बहुतेक हेच केलं असणार. पोर्टचं निदान करणाऱ्याकडे परत जाऊ नका.

आता आलेले फोटो एचईआयसी असतील, ते काही कंप्युटरवर उघडणार नाहीत, जेपीजी करून घ्यावे लागतील. पुढचे फोटो जेपीजीच हवे असतील तर कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. आणि काही फोटो केबलने दिसतच नसतील तर आयक्लाउडचं 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू आहे का बघा. असेल तर फोनमध्ये लहान प्रत असते, मूळ फोटो क्लाउडवर.

फलटण

दुकानाच्या जाहिरातीचे फोटो साइटवर आडवे पडतात, फोनमध्ये उभे दिसतात. मुलानं सांगितलं की फोन फोटो फिरवत नाही, 'असा फिरवून दाखव' एवढी चिठ्ठी आत ठेवतो, आणि काही साइट ती वाचत नाहीत. एडिटरमध्ये उघडून थोडा क्रॉप करून सेव्ह केला की सरळ जातो. झालं.

सांगली, गावभाग

२०१९च्या महापुरात आमचा खालचा मजला पाण्यात गेला. कंप्युटर आधीच माडीवर नेला होता, अल्बम राहिले. त्यामुळे वडिलांनी स्कॅन करून पिकासा या गूगलच्या जुन्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये लावलेले जुने फोटो हाच आता घरचा एकमेव संग्रह. हरिपूरचा संगम, आयर्विन पूल, गणपतीच्या देवळातला उत्सव, आत्या-काकांची लग्नं.

नव्या लॅपटॉपवर सगळं फोल्डर कॉपी केलं तर फोटो आले, पण वडिलांनी केलेली दुरुस्ती नाही. डाग, वाकड्या कडा, पिवळेपणा, सगळं पहिल्यासारखं. वडील म्हणाले, इतक्या दिवसांचं काम पाण्यात.

काम गेलं नव्हतं. पिकासा मूळ फाइलला हात लावत नाही. काय काय बदल केले ते प्रत्येक फोल्डरमधल्या 'पिकासा.आयएनआय' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहितं, आणि पिकासातच दाखवतं. गूगलने मार्च २०१६मध्ये त्याला आधार देणं थांबवलं, पण जुन्या कंप्युटरवर ते अजून चालतं. तिथे फोटो निवडून 'एक्स्पोर्ट' केलं की दुरुस्त केलेली स्वतंत्र जेपीजी तयार होते. आकार विचारेल तिथे 'ओरिजिनल साइझ' निवडायचा, नाहीतर फोटो लहान होऊन येतात.

चेहऱ्यांना दिलेली नावंही अशीच अडकलेली असतात. पिकासा ३.९मध्ये टूल्स, एक्स्परिमेंटल, 'राइट फेसेस टू एक्सएमपी' केलं की ती फोटोच्या आत जातात. आमच्याकडे ही नावं फोटोंपेक्षा मोलाची, कारण जुन्या फोटोतली निम्मी माणसं ओळखणारे आता फक्त वडीलच आहेत. ज्यांच्या घरी जुना कंप्युटर भंगारात जायच्या बेतात आहे त्यांनी आधी पिकासा उघडून बघा.

कोरेगाव

गूगल फोटोजचं बॅकअप थांबलंय, असं आमच्याकडे घरोघरी. पहिला प्रश्न जागेचा. १ जून २०२१ पासून फोटोही १५ जीबीच्या हिशेबात धरतात, आणि त्याच १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही येतं. जागा असेल तर फोनचं बॅटरी सेव्हर बघा, ते मागे चाललेलं अपलोड बंद पाडतं. फोन चार्जिंगला लावून ॲप उघडं ठेवलं की हलतं.

जत

पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, जवळपास रिकामा. लग्नाचे फोटो गेले, पण ५ जीबीचा व्हिडिओ टाकताना 'फाइल टू लार्ज' म्हणतंय. पेन ड्राइव्ह डुप्लिकेट आहे का?

सातारा, धागाकर्ता

बहुतेक नाही भाऊ. तो फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही, बाकी कितीही जागा असो. राइट क्लिक, फॉरमॅट, 'एक्सफॅट' निवडा. टीव्हीला लावायचा असेल तर टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते आधी बघा, जुने वाचत नाहीत. आणि थांबा, फॉरमॅट मारण्याआधी त्यात गेलेले लग्नाचे फोटो दुसरीकडे आहेत ना, ते उघडून खात्री करा आणि मगच इथे कळवा.