खाली भाडेकरू, वर आपण: घरमालकाने अंतर किती ठेवावं?

वरचा_मजला

दोन मजली घर आहे. जिना बाहेरून, दोन्ही मजल्यांना स्वतंत्र दार. वर आम्ही राहतो. खालचा मजला दहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच भाड्याने दिला. नवरा-बायको आणि शाळेत जाणारा मुलगा. माणसं चांगली आहेत, माझी तक्रार त्यांच्या स्वभावाबद्दल अजिबात नाही.

माझं मत असं झालंय की त्याच घरात राहणाऱ्या मालकाने पहिल्या दिवसापासून सगळं कागदावर घ्यावं आणि घसट वाढू देऊ नये. मी नेमकं उलट केलं. करारात भाडं, अनामत आणि मुदत एवढंच लिहिलं. पाणी, अंगण, दुरुस्त्या यांचं काहीच नाही. म्हटलं, रोज भेटतोच, बोलून घेऊ.

झालं काय, रात्री साडेदहाला बेल वाजते, नळ गळतोय. सकाळी जिन्यात गाठ पडली की, ताई, कडी नीट लागत नाही. आणि भाडं? ठरलं होतं ५ तारखेला. एकदा १२ला आलं, पुढच्या महिन्यात १९ला. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मालकाने एक मेसेज टाकला असता. मला रोज तोंड बघायचं असतं, म्हणून विचारवेना. शेवटी त्यांची गाडी फाटकाशी वाजली की मी गॅलरीतून आत जायला लागले. पैसे माझे अडकलेले आणि लपतेय मी, तेही स्वतःच्या घरात.

दोन महिन्यांनी करार नव्याने करायचा आहे. त्यात घालणार आहे: रात्री १० नंतर आवाज नको, पाहुणे तीन रात्रींहून जास्त राहणार असतील तर आधी कळवायचं, दुरुस्ती फक्त मेसेजवर सांगायची, भाडं ५ला म्हणजे ५ला. चुकतंय का माझं?

नववं_घर

चुकतंय. सगळं नाही, पण पाहुण्यांचं कलम वाचून मी ते घर घेतलं नसतं.

आतापर्यंत नऊ घरांत भाड्याने राहिलो, त्यातल्या तीन ठिकाणी मालक त्याच घरात होते. एका घरी वरच्या काकू फार प्रेमळ होत्या. एकदा सहज म्हणाल्या, काल बराच वेळ जागे होतात, बरं नव्हतं का? त्यांनी काळजीनेच विचारलं. पण त्या रात्रीपासून आम्ही नळ हळू सोडायला लागलो, फोनवर बोलायला आतल्या खोलीत जायला लागलो. सहा महिन्यांत घर सोडलं. काकूंना आजही कळलं नसेल का ते.

भाडेकरू फक्त भिंतींचे पैसे देत नाही, त्या भिंतींआड कुणाच्या नजरेत न येता राहण्याचेही देतो. इंग्लंडच्या कायद्यात आणि त्या वळणावर गेलेल्या देशांत जागेचा निर्वेध उपभोग हा भाडेकरूचा हक्क करारात लिहिला नसला तरी गृहीत धरतात. माझ्याकडे कोण किती रात्री राहतं हे वर सांगायला जायचं असेल, तर ते घर माझं कधी झालंच नाही.

आणि आवाजाचं. वर तुम्ही राहता ना? मग जास्त आवाज कुणाला येत असेल, याचा विचार केलात? बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून येतो, तो दारं-खिडक्या लावून बराच अडतो. पावलांचा, खुर्ची ओढल्याचा धक्का स्लॅबमध्ये शिरतो आणि खालच्या छतातून बाहेर पडतो. त्याला दार लावून उपयोग नाही. नियम करायचाच तर आधी वरच्या मजल्याला लावा.

वरचा_मजला

खुर्च्यांचं खरंच कधी डोक्यात आलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

पाहुण्यांचं मात्र नजर ठेवायला नाही हो. टाकी एकच आहे. खाली चार माणसं वाढली आणि सकाळी वर नळाला पाणी आलं नाही तर?

नववं_घर

मग पाण्याचं कलम करा, माणसांचं नको. आणि त्यांनी सांगितलं कसं असतं? ज्याच्या हातात आपलं घर आहे त्याला, तुमच्या खुर्च्या वाजतात, असं किती जण म्हणू शकतात?

कागद_पक्का

मी ताईंच्या बाजूने. सहानुभूतीने घर चालत नाही.

उशिरा येणारं भाडं हा इथला खरा मुद्दा आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. नवा मालक गप्प बसतो कारण त्याला घर रिकामं राहण्याची धास्ती असते. भीती खोटी नाही, एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या उत्पन्नातले ८.३३ टक्के गेले. पण ५ची १२ झाली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून १९ झाली. त्यांनी फसवलं नाही, तुमच्या गप्प राहण्यातून त्यांना जे कळायचं ते कळलं. ६ तारखेला सकाळी दोन ओळींचा मेसेज जायलाच हवा होता. रागाचा नाही, फक्त आठवणीचा. दर महिन्याला तसाच. शेजार आहे म्हणून तो टाळायचा नाही, उलट शेजार टिकावा म्हणूनच पाठवायचा. जिन्यात भेटाल तेव्हा पैशाचा विषय अजिबात काढू नका, म्हणजे जिना जिनाच राहील.

दुसरं. माझंच घर आहे, उद्या सांगितलं की निघतील, या समजुतीत असाल तर सोडा ती. कायदा जागोजागी वेगळा, पण बऱ्याच ठिकाणी प्रश्न असतो तो भाडेकरू मालकाबरोबर काय वापरतो हा. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मालकाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक असेल तर २००६चा भाडेकायदा लागूच होत नाही. इंग्लंडमध्येही मालकाच्या घरातली जागा वाटून राहणाऱ्याला संरक्षण कमी. तुमच्याकडे दार वेगळं, चूल वेगळी. म्हणजे अशा ठिकाणीसुद्धा तुमचे भाडेकरू पुरते भाडेकरूच ठरले असते. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा विचारही मनात आणू नका. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा नाही तर निदान बेकायदा आहे, आणि न्यायाची बाजू तुमची असली तरी तिथेच उलटते.

शांत_गल्ली

इतकं कशाला? घरातच ठेवायचं तर ओळखीतले, आपल्यासारखे लोक ठेवा. निम्मे प्रश्न येतच नाहीत.

कागद_पक्का

ओळखीतल्याकडे भाडं मागणं तर अजून कठीण.

नववं_घर

आणि "आपल्यासारखे" म्हणजे कोण? हा शब्द मी दाराबाहेर उभं राहून ऐकलाय, म्हणून सोडवत नाही. अमेरिकेत १९६८च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये (घर देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा) चारपर्यंत घरांच्या इमारतीत स्वतः राहणाऱ्या मालकाला बरीच सूट दिली, का तर घरात कोण येणार हे त्याला ठरवता यावं. पण जाहिरातीत भेदभाव करायची मुभा त्यालाही नाही. आणि वंशावरून नाकारणं १८६६च्या नागरी हक्क कायद्याने तिथे कुणालाच माफ नाही, हे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगितलं. मिळकत बघा, आधीच्या मालकाला फोन करा, भाडं वेळेवर देत होते का विचारा. ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शांत_गल्ली

तसं म्हणायचं नव्हतं. स्वभाव जुळणारे, एवढंच. पण शब्द चुकला हे खरं.

वायर_आणि_पाईप

वीस वर्षं वायरिंग करतोय. भांडणाचं मूळ पुष्कळदा माणसांत नसतं, मीटरमध्ये असतं.

एकाच कुटुंबासाठी बांधलेलं घर नंतर दोघांत वाटलं की तारा जुन्याच राहतात. करार नव्याने करायच्या आधी एक करा. खालच्या मजल्याचा मेन स्विच भाडेकरूंना सांगून, त्यांच्यासमोर बंद करा आणि घरभर फिरा. जिन्यातला दिवा गेला? फाटकाचा? पाण्याचा पंप बंद पडला? मग दहा महिने ते बिल खालचे भरत आहेत. एक अश्वशक्तीचा पंप रोज तासभर चालला तर महिन्याला निदान २२ युनिट होतात. एका घरी गेलो होतो, तिथे वरच्या न्हाणीघरातला गिझर खालच्या मीटरवर निघाला. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास म्हणजे एक युनिट. मालक प्रामाणिक माणूस, त्याला कल्पनाच नव्हती. भाडेकरूला होती, तो दोन वर्षं मनात ठेवून होता.

पाण्यालाही छोटा मीटर बसतो. खालच्या मजल्याच्या नळीवर बसवला की किती माणसं राहिली हे विचारायची गरजच उरत नाही.

वरचा_मजला

आत्ताच करून आले. जिन्यातला आणि फाटकाचा दिवा, दोन्ही त्यांच्या मीटरवर. पंप आमच्याच.

खूप वाईट वाटलं. फाटकाचा दिवा रात्रभर चालू असतो, आणि तो मीच लावते.

अंगण_एकच

मी या कागदाच्या वेडाविरुद्ध आहे, आणि मनापासून आहे. चौदा वर्षं त्याच घरात राहून मागची बाजू भाड्याने देतो. तीन कुटुंबं झाली.

दुसऱ्या कुटुंबातल्या बाई एका संध्याकाळी सहज म्हणाल्या, सिंकखालच्या कपाटात वास येतोय, बघता का? जाऊन बघितलं. तळाची फळी हाताला मऊ लागली, कोपऱ्यात बोटभर काळा डाग. आत भिंतीतला जोड पाझरत होता. फळी आणि एक जोड बदलून निभावलं. घसट नसती तर त्यांनी सांगितलं नसतं, आणि अजून वर्षभराने मी भिंत फोडत बसलो असतो. दुरुस्ती फक्त मेसेजवर, असं लिहिलंत की माणूस लहान गोष्टी सांगायचं सोडतो. आणि घर लहान गोष्टींनीच खराब होतं.

कागद_पक्का

काका, त्या बाईंनी मेसेज केला असता तरी फळी सापडलीच असती. शिवाय तारीख राहिली असती. तुमचं जमलं कारण तुम्ही लगेच जाऊन बघितलंत. घसट आहे म्हणून महिनोन्‌महिने 'बघतो, बघतो' म्हणणारे मालक मी बरेच पाहिलेत.

अंगण_एकच

तारखेचं मान्य. पण जी गोष्ट बोलता येते ती लिहावी की नाही, इथेच माणूस अडतो. बोलू द्या आणि मग तुम्हीच लिहा: आज हे सांगितलंत, परवा माणूस येईल.

अनामतीचं मात्र सगळं लिहून, फोटो काढून ठेवा. प्रेम इथे कामाला येत नाही. पहिलं कुटुंब गेलं तेव्हा मी रंगाचा पूर्ण खर्च कापला होता. भिंतीवर मुलांनी रंगवलं होतं, नुकसान खरं होतं. पण रंग पाच वर्षं टिकतो धरला आणि ते तीन वर्षं राहिले, तर तीन वर्षांचा रंग वापरण्यातच गेला. माझं नुकसान दोन पंचमांश. बाकीचे पैसे मी घ्यायला नको होते. नंतर परत करायला गेलो, पत्ता बदलला होता. आजही ते मनात आहे.

वायर_आणि_पाईप

घराचा विमा आहे का ताई? स्वतः राहतो म्हणून काढला असेल तर अर्धं घर भाड्याने दिल्याचं कंपनीला लेखी कळवा, नाहीतर नुकसानभरपाई मागताना तेच आडवं येऊ शकतं. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही.

वरचा_मजला

विम्याचं कळवलं नव्हतं, उद्याच कळवते.

पाहुण्यांचं कलम काढलं. पाण्याला मीटर बसवते. दोन्ही दिवे आमच्या मीटरवर घेते आणि दहा महिन्यांचा हिशोब करून पुढच्या भाड्यातून वजा करते. दुरुस्तीचं काकांसारखं: त्यांनी बोलावं, मी लिहावं. पण भाडं ५लाच, ६ला सकाळी मेसेज जाणार. त्यात बदल नाही.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं आणली, चोवीस लागली. लावून झाल्यावर खाली गेले आणि मुलाला विचारलं, आता आवाज येतो का? तो आधी आईकडे बघायला लागला. मग म्हणाला, खुर्च्यांचा नाही, पण सकाळी काहीतरी गडगडत जातं.

नववं_घर

त्याने सांगितलं हे चांगलं झालं. पलंगाची किंवा टीपॉयची चाकं असतील, बघा.

आणि एक कलम तुमच्या स्वतःवर घाला: आत यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून. किल्ली तुमच्याकडेही आहे ना?