रात्री एकटीने परतताना जवळ ठेवायची प्रखर टॉर्च कशी निवडावी?

प्रश्न : दुपारपाळी_मिरज

नमस्कार. मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून, पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देऊन बाहेर पडेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. खोलीपर्यंतचा रस्ता पायी पंधरा मिनिटांचा असून त्याचा शेवटचा टप्पा एका लांबलचक कुंपणाच्या भिंतीलगत जातो. तिथले पथदिवे वरचेवर बंद असतात आणि पावसाळ्यात वीज गेली की समोर कोणी उभे असले तरी दिसत नाही. अलीकडेच माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या मागे दुचाकीवरून दोघे जण बराच वेळ रेंगाळत राहिले. ती सुखरूप पोहोचली, आणि तेव्हापासून आम्ही शक्यतो मिळूनच निघतो. परंतु प्रत्येक दिवशी सोबत मिळतेच असे नाही.

म्हणून स्वसंरक्षणासाठी एक चांगली टॉर्च घ्यावी असे ठरवले आहे. ‘टॅक्टिकल’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या टॉर्च तीनशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत दिसतात, आणि स्वस्त टॉर्चवरच लाखभर ल्युमेनचे दावे अधिक आढळतात. माझी तयारी अडीच ते तीन हजार रुपये खर्च करण्याची आहे. नेमके काय पाहून घ्यावे, लुकलुकणारा स्ट्रोब आवश्यक आहे का, आणि तोंडाशी दातेरी कड असलेली टॉर्च घ्यावी का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : झोत_आणि_सेल

ताई, सर्वांत आधी ल्युमेनचा आकडा बाजूला ठेवा. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका ठिकाणी किती एकवटला आहे हे कॅन्डेला या आकड्यावरून कळते, आणि समोरच्या माणसाचे डोळे दिपणार की नाही हे त्यावरच ठरते. मोबाईलचा दिवा जवळचा खड्डा दाखवतो, पण पंधरा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दाखवू शकत नाही, कारण त्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. तुमच्या कामासाठी हजार ल्युमेनच्या आसपास आणि दहा हजार कॅन्डेला किंवा त्याहून अधिक एवढी टॉर्च पुरेशी आहे. दहा हजार कॅन्डेलाचा झोत पाच मीटरवर सुमारे ४०० लक्स प्रकाश टाकतो (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप). अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो एका ठिपक्यातून अचानक आला की माणूस आपोआप मान फिरवतो किंवा हात आडवा धरतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि असा झोत ती क्षणात घालवतो. समोरची भिंत पांढरी असेल तर परत येणारा उजेड आपल्याही डोळ्यांची सवय मोडतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

खोक्यावर ‘एफएल १’ या टॉर्चच्या मोजमापांसाठीच्या मानकाची चिन्हे आणि त्यांच्याखाली आकडे छापलेले आहेत का ते पाहा. या मानकानुसार झोताचे अंतर मोजताना ज्या ठिकाणी केवळ ०.२५ लक्स प्रकाश उरतो, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तिथपर्यंतचे अंतर धरतात. त्यामुळे दहा हजार कॅन्डेलाच्या टॉर्चवर २०० मीटर लिहिलेले असले तरी माणूस ओळखता येण्याजोगा उजेड त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरापर्यंतच मिळतो. ‘इतके तास चालते’ हा आकडाही प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. शिवाय तळहातात मावणारी कोणतीही टॉर्च पूर्ण प्रखरतेवर तापते आणि एक-दोन मिनिटांतच स्वतःहून मंद होते. तुम्हाला काही सेकंदांचाच प्रखर झोत लागणार असल्याने याची काळजी करू नका. मात्र लाखभर ल्युमेनचा दावा करणारी तीनशे रुपयांची टॉर्च घेण्याचा विचार सोडून द्या.

सेलच्या बाबतीत तडजोड करू नका. १८६५० या आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल सहज मिळतो आणि तो टाकलेली टॉर्च मुठीत नीट बसते. नामांकित उत्पादकांच्या अशा सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. वेष्टनावर ९९०० लिहिलेला सेल बनावट समजावा. सुटे सेल पर्समध्ये नाणी किंवा किल्ल्यांसोबत कधीही ठेवू नका, दोन टोके जोडली गेली तर ते पेट घेऊ शकतात.

उत्तर : आखाडा_वर्ग

मी मुलींना स्वसंरक्षण शिकवतो, त्यामुळे आकड्यांपेक्षा हाताविषयी लिहितो. टॉर्चचे मुख्य बटण शेपटीकडे असलेच पाहिजे. मूठ खांद्याच्या उंचीवर, टॉर्चचे तोंड करंगळीच्या बाजूने पुढे आणि अंगठा मागच्या बटणावर, अशी ती धरायची. बटण अर्धवट दाबताच प्रकाश लागावा आणि अंगठा उचलताच जावा. काही टॉर्चमध्ये बटण ‘टक्’ करून पूर्ण दाबल्याशिवाय दिवा लागतच नाही, त्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत. पहिल्या दाबाला नेहमी सर्वांत प्रखर झोतच मिळायला हवा. घाबरलेल्या माणसाला मंद, मध्यम, प्रखर, स्ट्रोब अशी साखळी मोजत बसणे जमत नाही. दुकानात डोळे मिटून टॉर्च हातात घ्या, ती फिरवा, आणि अंगठा न चाचपडता बटणावर जातो का ते पाहा. जात नसेल तर किंमत काहीही असो, ती घेऊ नका.

स्ट्रोबविषयी माझे मत अनुकूल नाही. लुकलुकत्या प्रकाशात समोरचा गोंधळतो हे खरे, पण त्याच्या हालचाली आपल्यालाही तुटक दिसतात आणि तो किती जवळ आला याचा अंदाज चुकतो. मी विद्यार्थिनींना सलग झोत चेहऱ्यावर एक-दोन सेकंद टाकायला, लगेच विझवायला आणि अंधारातच दोन पावले बाजूला सरकून उजेडाच्या व माणसांच्या दिशेने निघायला शिकवतो. सोबत ‘मागे हो’ असे मोठ्याने ओरडायचे. आवाजाचा सरावही तितकाच करावा लागतो, कारण ऐन वेळी घसा बंद होतो.

टॉर्च पर्सच्या तळाशी असेल तर ती नसल्यासारखीच. कुंपणाची भिंत सुरू होण्याआधीच ती हातात असावी आणि अधूनमधून पुढे-मागे झोत टाकत चालावे. आपल्याला पाहिले गेले आहे हे कळल्यावर दबा धरणाऱ्याचा डाव बहुधा तिथेच फसतो. दोरी असल्यास ती मनगटाला घट्ट अडकवू नका, कोणी ओढली तर हात सुटला पाहिजे.

उत्तर : झोत_आणि_सेल

सरांच्या स्ट्रोबविषयीच्या मताला माझी थोडी पुरवणी आहे. स्ट्रोबसाठी स्वतंत्र बटण असेल आणि तो चुकून लागणार नसेल, तर तो असण्यात अडचण नाही. दुरून मदतीसाठी लक्ष वेधताना त्याचा उपयोग होतो. मुख्य बटणाच्या साखळीत तो घुसवलेला असेल तर मात्र टाळा.

उत्तर : सनद_कोल्हापूर

कायद्याची बाजू मांडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, ही मर्यादा कलम ३७ मध्ये स्पष्ट केली आहे. अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांवर क्षणभर प्रकाश टाकून निघून जाणे या मर्यादेत सहज बसते. पळून जाणाऱ्याला गाठून टॉर्चने मारणे बसणार नाही. दातेरी कडेचा मोह मी या कारणासाठीही टाळीन, शिवाय विमानतळावरील तपासणीत अशी टॉर्च अडवली जाण्याची शक्यता असते.

टॉर्च एका हातात असताना दुसरा हात फोनसाठी मोकळा ठेवा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक झटपट लागण्याची सोय आपल्या फोनवर कशी आहे ते आजच पाहून घ्या, आणि बंद पथदिव्यांची लेखी तक्रार महापालिकेकडे खांबांच्या क्रमांकांसह करा. तुमच्या रुग्णालयातील सर्व परिचारिकांच्या सह्या त्यावर असतील तर तिचे वजन वाढेल.

दुपारपाळी_मिरज

सर्वांचे मनापासून आभार. तक्रारीचा मसुदा आजच लिहायला घेते. एकच शंका उरली आहे. सेल टॉर्चमध्येच चार्ज होणारी घ्यावी की सेल बाहेर काढून चार्ज करायची? आणि पर्समध्ये ती आपोआप लागू नये यासाठी काय करावे?

उत्तर : झोत_आणि_सेल

टॉर्चमध्येच यूएसबी-सी केबलने चार्ज होणारी, पण सेल बाहेर काढता येणारी घ्या. सेल आत कायमचा बंद असलेली टॉर्च दोन-तीन वर्षांनी सेल थकला की टाकूनच द्यावी लागते. चार्जिंगच्या छिद्रावर रबरी झाकण असते, ते पावसात नीट बसवलेले असावे. खोक्यावर आयपीएक्स८ किंवा आयपी६८, म्हणजे पाण्यात बुडाली तरी आत पाणी न शिरण्याची खूण, लिहिलेले असल्यास मिरजेच्या पावसाची चिंता नको.

पर्समध्ये ठेवताना मागची टोपी पाव फेरा सैल करा. चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो, त्यामुळे तेवढ्यानेच विद्युतमार्ग तुटतो आणि बटण दाबले गेले तरी दिवा लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण कपड्याला टेकून पूर्ण प्रखरतेवर लागून राहिलेली टॉर्च कापड करपवू शकते. पाळी संपली की रुग्णालयाच्या फाटकातच टोपी घट्ट करायची, एकदा लावून पाहायची आणि मगच रस्त्यावर पाऊल टाकायचे. चार्जिंगसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून ठेवा, टॉर्च वापरलेली असो वा नसो.