७/११ चे आरोपी सुटले: मकोकाने नक्की कुणाचं भलं केलं?

अनुजा_वसई

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका (महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या खटल्याचा घात मकोकाच्या कलम १८ ने केला. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मकोकात एसपी (पोलीस अधीक्षक) किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालते. एवढी सोय हाताशी असल्यावर बाकीचा पुरावा जमवायला कोण धावपळ करणार? वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत मजकूर सारखाच असल्याचं हायकोर्टाने दाखवून दिलं. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही!

खाकीघर

ताई, माझ्या घरात दोन पिढ्या पोलिसात आहेत, म्हणून राहवत नाही. असा कट बंद दाराआड शिजतो. पैसा, माणसं, सामान सीमेपलीकडून येतं. शेजारी बघतो, पण साक्ष द्यायला घाबरतो. साध्या कायद्याने हे पकडून दाखवा. टाडा आणि पोटा हे दहशतवादविरोधी कायदे, टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द केला, आणि २६/११ नंतर महिन्याभरात यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा) कडक करावा लागला, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी करावी लागली. अशा कायद्यांत आरोपपत्राला १८० दिवस मिळतात ते उगाच नाहीत.

अनुजा_वसई

१८० दिवसांना माझा विरोध नाहीच. पण कसाबचा खटला बघा. त्याची कबुली मॅजिस्ट्रेटपुढे झाली, मकोका लावावा लागला नाही. जोडीला सीसीटीव्ही, डीएनए, डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार. २०१० च्या मे महिन्यात फाशीची शिक्षा झाली आणि ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत टिकली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुरावा कमी पडला म्हणून सुटले, तेही शेवटपर्यंत कायम राहिलं.

खाकीघर

कसाब जिवंत हाती लागला, कारण तुकाराम ओंबळेंनी त्याची बंदूक सोडली नाही, गोळ्या अंगावर घेतल्या. लोकलमध्ये बॉम्ब ठेवणारा पुढच्या स्टेशनात उतरून गर्दीत मिसळतो. ही तुलना मला मान्य नाही.

कोर्टनाका

दोघांनी मूळ दुखणं बाजूलाच ठेवलंय. यूएपीएच्या कलम ४३ड(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर जामिनाच्या वेळी पुराव्याची बारीक छाननीही करता येत नाही. २०२१ च्या नजीब निकालाने, खटला फारच रेंगाळला तर जामीन देता येईल अशी वाट ठेवली, एवढंच. तपासाला वाढीव मुदत आहे, खटला संपवायला मात्र कुणावर बंधन नाही. ७/११ मध्ये निकालाला नऊ वर्षं, त्यावरच्या अपिलाला आणखी दहा. आरोपींची ओळख पटवणारे टॅक्सीवाले शंभराहून जास्त दिवस गप्प होते. ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता. हे कायदा आणखी कडक करून सुधारेल का?

मीरारोड_स्लो

माझे मामा खारच्या गाडीत होते. एक कान गेला, तेवढ्यावर निभावलं. मामींचा एकच प्रश्न आहे: हे नव्हते, तर मग कोण? २००८ मध्ये इंडियन मुजाहिदीनच्या एका आरोपीने हे स्फोट आम्ही केले असं क्राईम ब्रँचला सांगितल्याचं पेपरात आलं होतं. पुढे कोर्टात तो फिरला. म्हणजे एकाच गुन्ह्याची कबुली दोन वेगळ्या टोळ्यांकडून, दोन्ही पोलिसांपुढेच. नव्याने तपास करा अशी मागणी कुठलाच पक्ष लावून धरत नाही, याचा मला फार राग येतो.

खाकीघर

मामींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नव्या तपासाची मागणी मीही करेन. पण कलम १८ आज काढलं आणि साक्षीदाराला संरक्षण कागदावरच राहिलं, तर पुढच्या खटल्यात कोर्टात उभं कोण राहणार, हे अनुजाताईंनी सांगावं.

अनुजा_वसई

संरक्षण आधी द्या, लगेच द्या, यात दुमत नाही. पण ते मिळेपर्यंत कलम १८ राहू दे, हे मला मान्य नाही. याच कलमाच्या भरवशावर ती १९ वर्षं गेली.