भिगवणची बोट: आज काय ते ठरवा

दादा कोथरूड: बोटवाल्याचा सकाळपासून सारखा फोन येतोय. दोन्ही बोटी बघून झाल्या, व्हिडिओ टाकून झाले आणि ग्रुपवर नुसते अंगठे. टोकन कुठल्या बोटीचं देऊ ते आज सांगा.

बंटी: फायबरचीच घे दादा, १६ फुटी, स्टिअरिंगवाली, ४० एचपी, सगळे एका खेपेत बसतील. १२ फुटी ॲल्युमिनियम म्हणजे कोळ्यांची होडी वाटते

प्रिया ताई: वाटते म्हणजे काय? मासे धरायला तूच जाणार ना 😄

नाना काका: आधी लाईफ जॅकेट. पोरांच्या मापाची वेगळी. मग बोट.

दादा कोथरूड: नाना, जॅकेट घेणारच आहोत. बंटी, मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी कुठवर मागे जातं बघितलंयस ना, पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. आपल्या शेताखाली तेव्हा नुसता गाळ. फायबरवालीचा ट्रेलर पाण्यापर्यंत नेणार कसा? ॲल्युमिनियमची चौघं उचलून नेतात, बूड सपाट आहे, वीतभर पाण्यात तरंगते. तिचं ९.९ एचपीचं इंजिन दोघांनी काढून घरात ठेवता येतं.

बंटी: पण वारा सुटला की सपाट बूड लाटेवर आपटतं, फायबरचं व्ही आकाराचं बूड लाट कापत जातं. हे पण सांग की

दादा कोथरूड: ते खरं आहे. नाही म्हणत नाही.

आत्या धायरी: वाऱ्याचं नाव काढलंत म्हणून बोलते. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले, आपल्याच पाण्यात. मला तेव्हापासून झोप लागत नाही तुम्ही पाण्यात गेलात की. उन्हाळ्यात वळवाचं आभाळ आलं की बोट काठाला, मग कुठलीही असो.

नाना काका: जॅकेट. अंगात घालून. बाकाखाली ठेवून उपयोग नाही.

वहिनी कोथरूड: आत्या, अगदी बरोबर. आणि दुपारी चारनंतर पोरांना न्यायचंच नाही. बोट कोणाच्या अंगणात राहणार, धुणार कोण, हे पण आजच ठरू दे. मागच्या वेळी चिलापी माशांच्या वासाने आमच्या गाडीचं काय झालं ते बंटीला माहितीये 🙏

बंटी: वहिनी गाडी धुवून दिली होती की, पैसे पण दिले होते

वहिनी कोथरूड: अर्धे.

प्रिया ताई: आता हे नको. दादा, फायबरवाली नीट तपासली का, जुनी आहे ना ती?

दादा कोथरूड: तेच सांगणार होतो. मागची पाटी जिथे इंजिन अडकवतात, तिथे आत प्लायवूड असतं. नाण्याने वाजवत गेलो तर कडेला टणटण आणि इंजिनच्या बोल्टपाशी भद. म्हणजे पाणी मुरलंय, लाकूड कुजलंय. वर रंग नवा मारलाय. त्याच पाटीवर शंभर किलोच्या आसपासचं इंजिन लटकतं. मालकाला विचारलं तर म्हणे एवढं चालतं. ॲल्युमिनियमचे रिव्हेट बघितले, बूड पाण्यात ठेवून बघितलं, ठिपका नाही.

बंटी: हे आधी का नाही सांगितलंस

दादा कोथरूड: कालच्या व्हिडिओत दाखवलंय. तू अंगठा दिलास त्याला.

प्रिया ताई: मग फायबरचा विषय संपला.

नाना काका: जॅकेटचं माप कोण घेणार?

आत्या धायरी: मी घेते नाना, पोरांची वजनं मला पाठवा. जॅकेट वजनावर असतं.

दादा कोथरूड: अजून दोन गोष्टी. इंजिनच्या बोटीची नोंदणी लागते, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, मालक कागद देणार असेल तरच टोकन. आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी पाहिजेच, माणूस पडला की इंजिन बंद. किती माणसं बसवायची ते बोटीच्या आत पट्टीवर लिहिलंय, त्यापेक्षा एक माणूस जास्त बसणार नाही. पोरं दोन खेपांत.

बंटी: दोन खेपा म्हणजे आम्ही काठावर बसून राहायचं का, मासे कधी धरायचे मग

वहिनी कोथरूड: पहाटे जा. पोरं उठायच्या आत.

बंटी: ओके चालेल. गळ आणि चिलापीचं आमिष माझ्याकडे

दादा कोथरूड: आणि पैशांचा हिस्सा? तो कोणाकडे?

बंटी: संध्याकाळी टाकतो दादा

दादा कोथरूड: मालकाने कागदाचे फोटो पाठवलेत, बघतोय. इंजिन नंबर जुळला की टोकन ॲल्युमिनियमचं.