केस कीनमचा १९,२१७ यार्डांचा रेकॉर्ड मोडणार तरी कोण?

प्रश्न (थर्डडाऊन_तात्या): मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ह्युस्टनचा क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे बॉल फेकणारा) कीनमचे २००७ ते २०११ मधले करिअर पासिंग यार्ड (फेकलेल्या बॉलने पुढे काढलेलं अंतर) १९,२१७, पासवर टचडाऊन (शेवटच्या रेषेपार नेलेले स्कोअर) १५५. आता पोरं दरवर्षी टीम बदलतात, कोविडचं जास्तीचं वर्ष पण मिळालं, तरी यार्डांचा आकडा जागचा हलत नाही, असं कसं?

बाहेरचा_पंच: टचडाऊनची तर बरोबरी झाली की. क्यूबी डिलन गॅब्रिएल यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी), ओक्लाहोमा करत करत ऑरेगनला गेला आणि २०२४ ला १५५ वर पोचला, यार्डात मात्र कमी पडला. आणि कीनमलाही कॉलेजात जास्तीचं सहावं वर्ष मिळालेलंच, २०१० ला गुडघा गेला म्हणून, ते कोणी बोलत नाही.

अण्णा७७: नुसते यार्ड काय चाटायचेत? २०१६ ला टेक्सस टेककडून माहोम्सने ओक्लाहोमासमोर ८८ वेळा बॉल फेकला, ७३४ यार्ड काढले, आणि मॅच हरले ५९-६६ ने. डिफेन्सच नाही तर क्यूबी बिचारा फेकतच बसणार ना, त्यात यार्ड वाढणारच.

बाहेरचा_पंच: हे बरोबर. म्हणून मला वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीचा २०२१ चा सीझन, ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाऊन, एका सीझनचा रेकॉर्ड असला तरी एलएसयूच्या जो बरोच्या २०१९ पेक्षा खालीच वाटतो. बरोचे ६० टचडाऊन, इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) फक्त ६, अलाबामा-जॉर्जिया दोघांना हरवून अख्ख्या सीझनमध्ये १५-०.

थर्डडाऊन_तात्या: बरोचं पासर रेटिंग २०२ दाखवतंय, एनएफएलला (प्रो लीगला) तर १५८.३ च्या वर जातच नाही ना?

अण्णा७७: फॉर्म्युलाच वेगळा आहे. कॉलेजला यार्ड गुणिले ८.४, टचडाऊनला ३३०, कम्प्लिशनला (आपल्या माणसाने पकडलेल्या पासला) १००, इंटरसेप्शनला वजा २००, सगळ्याची बेरीज करून अटेम्प्टने (एकूण फेकलेल्या पासने) भागायचं. १५८.३ ची लिमिट इथे नाही.