मदत हवी आहे: घर सोडले, भीती सुटत नाही
माझ्या धाकट्या बहिणीने मारहाण करणाऱ्या नवऱ्याचे घर सोडून चौदा महिने झाले आहेत. तरीही दाराची कडी वाजली की ती दचकते, आणि (हे मला सर्वांत जड जाते) कधी त्याच माणसाच्या आठवणीने रडून स्वतःलाच दोष देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजार-वर्गीकरणात दीर्घ छळानंतरच्या गुंतागुंतीच्या आघातोत्तर तणाव विकाराची स्वतंत्र नोंद आहे. तिची लक्षणे, विशेषतः स्वतःला कवडीमोल समजणे, त्याच्याशी जुळतात. अर्थात निदान करणे माझे काम नव्हे. आघातकेंद्रित सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी समुपदेशन-पद्धत) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) हे उपचार घेतलेल्यांनी कृपया सांगावे, घडलेले सारे पहिल्याच भेटीत सांगावे लागते का? तिला त्याचीच धास्ती आहे. तोवर, ‘आता विसर ना’ असे न म्हणता, मी तिला सोबत कशी करावी?